उजवा पिस्टन

वाफेच्या इंजिनाची खरी ताकद सिलिंडरच्या व्यासात असते. व्यास वाढवला की ताकद वाढते, हे विज्ञानाचं त्रिकालाबाधित सत्य आहे. देवराव काळमेघांनी ते अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या मालकाला, ओमप्रकाशशेटना, अर्ध्या कप चहात पटवलं. शेटना त्यातलं 'वाढते' एवढंच कळलं.

साल अठ्ठावन्न. कारखान्याचं स्वतःचं छोटं इंजिन होतं. रुईच्या गाठींच्या वाघिणी ओढत ते चढावरून स्टेशनच्या मालधक्क्याला जायचं. तिथे कच्च्या नेमणुकीवर लागलेल्या देवरावांनी इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याच्या जोरावर त्याचे दोन्ही सिलिंडर आतून कोरून रुंद केले. बॉयलर मात्र होता तेवढाच राहिला. रुंद सिलिंडर त्याची वाफ एका घोटात पिऊन टाकत, आणि इंजिन चढाच्या मध्यावर, पंगतीत जास्त जेवलेल्या व्याह्यासारखं, बसून राही.

"शुक्रवारची मालगाडी चुकली तर वळकटी बांधा," शेट म्हणाले. "सासरा बाळापूरले हाये ना तुमचा? जागा असंन त्याच्याकडं."

देवराव सासऱ्याला अडाणी समजत. सासराही जावयाला तेच समजे, फक्त नोकरी होती म्हणून बोलत नसे.

तेव्हा देवरावांनी रेल्वेतली जुनी युक्ती काढली: इंजिन एका बाजूवर चालवायचं. उजवा पिस्टन काढून टाकला, तिकडे जाणारी वाफ बंद केली, सिलिंडरचं पुढचं तोंड उघडंच ठेवलं. वाफ डाव्याला पुरेल, ताकद निम्मी होईल, वाघिणी थोड्या थोड्या करून वर नेता येतील.

"सायेब, लय हलकी लागून राह्यली," ड्रायव्हर शेषराव म्हणाला. "साऱ्याच वाघिणी जोडू का?"

"जोड. चढावर कळेल तुला विज्ञान."

चढ आला. इंजिन बसलं नाही. देवराव बाजूने चालत होते. चाकाच्या एका फेऱ्यात एक सिलिंडर दोनदा फुसकारतो. दोघांचे मिळून चार. आज दोनच ऐकू यायला हवेत.

"धर्मपाल, मोज रे."

फायरमन धर्मपालने फावडं थांबवलं. "चार हायेत."

"काहून?" देवरावांच्या तोंडून डिप्लोम्याआधीची भाषा निघाली.

"मले काय इचारता? कोरले तुमी."

देवराव पुढे होऊन वाकले. हवेत रुईचे तंतू तरंगत होते. उघड्या सिलिंडरपाशी आले की आत ओढले जात. मग बाहेर. मग आत. त्यांनी सिलिंडरच्या तोंडापुढे हात धरला. वारा गार होता. वाफेचा मागमूस नव्हता.

आतल्या भिंतीवर पडलेली धूळ कशाने तरी पुसली जात होती.

मालधक्का आला. शेषरावने वाफ तोडली, ब्रेक लावला.

चाकं थांबली.

तंतू आत गेले. बाहेर आले.

"सायेब," धर्मपाल हळूच म्हणाला, "हात काढा तिथून."

त्यांनी हात काढला.

शुक्रवारची मालगाडी मिळाली. संध्याकाळी शेट खुशीत होते.

"शेटजी, त्या बाजूला पिस्टन नाही," देवराव म्हणाले. "तरी ती बाजू ओढते आहे."

शेट पान चघळत राहिले. "कोळसा किती लागला?"

"निम्मा."

"मंग डावाही काढा."

डिप्लोमा आणि नोकरी यांतून निवडायचं तेव्हा शिकलेली माणसं जे निवडतात ते देवरावांनी निवडलं. पाना मागवला.

त्यांची नेमणूक कायम झाली. पुढच्या शुक्रवारी दोन्ही पिस्टन गोदामात सरकीच्या पोत्यांशेजारी पडले होते. गाठींची गाडी वेळेवर मालधक्क्याला पोचली.