दुसऱ्या खेळाडूची पाळी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसून घ्या." तेव्हाच कळलं. बायको गेली.

एकच्या सुमारास मेहुणीबरोबर घरी आलो. किल्ली माझ्याच खिशात होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, त्यावर चादर.

तो मुद्दामच चालू ठेवलेला. उड्या मारायच्या एका जुन्या गेमचा दुसरा भाग बायको चार महिने खेळत होती. पहिला भाग लहानपणी सगळ्यांनीच संपवलेला. दुसरा बनवणाऱ्याने मात्र कसला तरी सूड उगवला होता. वारा उलटा ढकलतो, बक्षीस म्हणून विष मिळतं, पाइपात शिरलं की माणूस मागच्या जगात जाऊन पडतो. त्यात गेम सेव्ह होत नाही. म्हणून ती खेळ थांबवून ठेवायची, मशीन बंद करायची नाही. दवाखान्यात निघताना बजावलं होतं, "अहो, आठव्या जगात आहे मी. बंद केलंत तर बघा!" लावायची मात्र दोघांचा गेम, मी कधीतरी शेजारी बसेन म्हणून. एकाचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी. माझी कधी आलीच नाही. तिचा जीव जाण्याआधी मी झोपलेला असायचो.

मेहुणीने चादर काढली. "भाऊजी, हे काय?"

काळ्या पडद्यावर लिहिलं होतं: दुसरा खेळाडू. तीन जीव.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्र आपणहून काही करत नाही, हे लोकांना रोज सांगतो. "वीज कमीजास्त झाली असेल," म्हणालो.

पाचव्या दिवशी मेहुणी तिच्या घरी गेली. दुपारी मी कंट्रोलर हातात घेतला. पहिल्याच खड्ड्यात पडलो.

पहिला खेळाडू. शेवटचा जीव.

तिचा कंट्रोलर सोफ्यावर होता, वायर गुंडाळलेली. पडद्यावरचा माणूस पळायला लागला. प्रत्येक खड्ड्याआधी दोन बारीक उड्या. ती अशीच खेळायची. मी चिडवायचो, "खड्ड्याची परवानगी मागतेस का?"

दोन तास मी जागचा हललो नाही. शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी उलटा ढकलणारा वारा एकदम पडला.

"थांब!" मी ओरडलो.

उडी लांब गेली. ती खड्ड्यात पडली.

पहिला खेळाडू संपला. माझी पाळी आली. त्याच खड्ड्यात पुन्हा पडलो. आता माझ्याकडे एकच जीव.

पडदा काळा झाला.

पहिला खेळाडू एक जीव मागत आहे. द्यायचा?

मेहुणीला फोन लावला. दोघी बहिणी हाच गेम खेळत, भांडत मोठ्या झालेल्या.

"यात दुसऱ्याचा जीव मागता येतो का गं?"

"नाही हो. असलं काही नाहीच त्यात." मग म्हणाली, "भाऊजी, प्लग काढा."

प्रश्नाखाली 'हो' आणि 'नाही'. बाण 'हो'वर आहे.

प्रश्न पडद्यावर येऊन आज तिसरा दिवस. प्लग काढलेला नाही. उत्तरही दिलेलं नाही.