तिसऱ्या मजल्यावरचं फिनेल

बसा, सांगतो. २००७ सालची गोष्ट. खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी साफसफाईचा सुपरवायझर होतो. फिनेल बंद होऊन दोन महिने झाले होते. आता लिंबाच्या वासाचं परदेशी द्रावण वापरायचं, असा वरून हुकूम. तरी तिसऱ्या मजल्यावर फिनेलचा उग्र वास यायचाच.

शनिवारी ऑफिस सांभाळणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी बोलावलं. "रंगराव, सोमवारी अमेरिकेचे पाहुणे येतायत. तोवर एकतर वास जाईल, नाहीतर तुम्ही."

रविवारी दुपारी द्रावणाचा कॅन उचलला आणि फरशी पुसणाऱ्या द्वारकाबाईंना घेऊन वर गेलो. मजला रिकामा. एसी बंद, पडदे ओढलेले. पुढे जावं तसा वास दाट होत गेला, डोळे चुरचुरू लागले. वळणापलीकडून आवाज आला... फट्... सर्रर्र... ओलं फडकं ओढल्याचा.

"सोजरमावशी असंल," द्वारकाबाई कुजबुजल्या.

सोजरबाईंनी पाच वर्षं हीच फरशी पुसली होती.

"अहो, त्या चैत्रात वारल्या. दहाव्याला तुम्हीच गेला होतात ना?"

"म्हनून तर म्हनते..."

वळणावर कोणी नव्हतं. नुसती ओली फरशी. मग अगदी कानाशी, "सायब, त्या अत्तरानं जंतू मरत्यात व्हय?"

खोटं बोलायचा धीर होईना.

"नाही मरत..."

"मंग?"

"वास... बरा येतो."

माझ्या हातातला द्रावणाचा कॅन हलका होत गेला. पाहतो तर रिकामा! आम्ही पळालो. पण ओल्या फरशीवर पाय द्यायची छाती कुणाला? दोघंही भिंतीला चिकटून, कोरड्यातून पळालो.

सोमवारी मी राजीनामा खिशात घालूनच गेलो. पाहुण्यांतला सर्वांत म्हातारा तिसऱ्या मजल्यावर थांबला. दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, अख्ख्या प्रवासात स्वच्छ जागेचा वास इथंच आला. संध्याकाळपर्यंत मॅडमनी फिनेल पुन्हा सुरू केलं. मी वाचलो.

हुश्श करत वारज्याला घरी आलो. दार उघडताच तोच वास. आमची सुशीला पाय वर घेऊन कॉटवर बसली होती.

"अहो, तुम्ही पाठवलेली बाई कामाला चोख आहे हं," स्वयंपाकघराकडे बोट करत ती हळूच म्हणाली. "फक्त जरा तोंडाळ आहे."