साध्या पाण्याच्या बशा

"तुम्ही यांना हात लावलात?"

माझा आवाज सहसा चढत नाही. त्या सकाळी चढला. शीतकक्षात पाना घेऊन एक अनोळखी माणूस उभा होता. कूलिंग दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. सगळे त्याला थंडोबा म्हणतात, हे नंतर कळलं.

"एकेक थेंबच टाकला, मॅडम," तो म्हणाला. "या चार बशांतल्या बियांना कोंब आलेत, आणि या चार बिचाऱ्या तशाच. शेजारी औषधाची बाटली होती... म्हटलं, यांनी काय घोडं मारलंय?"

माझे कान तापले. थंडीत मिरचीचं बी रुसून बसतं. जिबरेलिन या संप्रेरकात भिजवलं की ते गारठ्यातही उगवतं, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी शेजारी साध्या पाण्यातलं बी लागतं! आता तुलनाच उरली नाही, तर साहेबांना काय दाखवू? अठरा दिवसांनी कक्ष दुसऱ्यांना जाणार होता.

"म्हणजे ते उगवू नये म्हणून ठेवलं होतं?" आता तोच चिडला. "हा कुठला न्याय?"

"हाच न्याय! नऊ दिवस फुकट घालवलेत माझे!"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो दारात हजर... स्वेटर घालून. प्रयोग नव्याने मांडायला चिमट्याने शंभर-शंभर बिया मोजून दिल्या. पाण्याच्या बशांवर स्वतःच चिठ्ठी लावली — 'हात लावू नये. विशेषतः मी.' मला हसू आलं, त्याचाही राग आला.

रोज यायचा. तापमान बघायचा, मग माझ्याकडे... की बशांकडे?

सोळाव्या दिवशी मोजणी झाली. संप्रेरकातल्या शंभरांपैकी ऐंशी उगवल्या, पाण्यातल्या जेमतेम तीस. साहेबांनी अहवालावर सही केली.

"तुमची दुरुस्ती कधी संपली?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"धीर गोळा..." तो पाना पुसत राहिला. "मी पाण्याच्या बशीतला, मॅडम. उगवतो — पण उशिरा."

सोळा दिवस! त्या गारठ्यात माझी बोटं निळी पडत होती, आणि हा पाना पुसतोय!

"आता बोलताय, की बाटली आणू?"

तो बोलला. मला इतका राग आला होता, की 'हो' म्हणतानाही आवाज चढलेलाच होता.