पोशिंदा

"हे फूल हाय का गळका नळ?" चांदपाशा माझ्या कानाशीच पुटपुटला. "रोज कागद बदलतो, रोज वल्ले. मेरेकू तो वीट आया, ताई."

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात चांदपाशा झाडं सुकवतो आणि मी ती जाड कागदावर सुईदोऱ्यानं टाचते. या विषयातली माझ्याकडं पदवी नाही. मुलं मोठी झाली, पुंडलिकनगरातल्या घरात दुपारी सरेनात, तेव्हा गवतापासून सुरुवात केली. एक भिंग, जुनी पुस्तकं आणि लोकांच्या कुंपणात डोकावायची खोड, एवढ्या भांडवलावर इथवर आले.

सुकवायची रीत सोपी आहे. झाड वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, वर फळ्या, त्यावर पट्टे करकचून आवळायचे. रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे. आठवड्यात झाड पापडासारखं होतं. त्याच गठ्ठ्यातली बाकीची झाडं तशी झालीही होती. हेच तेवढं राहिलं होतं. पावसाळी हवा आहे, म्हणून मी सोडून दिलं.

झाडही जरा वेगळंच. पान नाही, हिरवेपणा नाही. तांदळाच्या धुवणाच्या रंगाचा दांडा आणि त्याला अर्धवट उघडलेल्या तोंडासारखी फुलं, आत जांभळी. अशी जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, असं विभागप्रमुख तनुजामॅडमचं मत होतं. तिला नाव कुणाचं द्यायचं तेही ठरलं होतं. इंद्रजीतसरांचं.

इंद्रजीतसर म्हणजे मॅडमचे मिस्टर, याच विभागातले. हे फूल पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. गेल्या श्रावणात ते आणायला म्हणून पिशोरच्या वरच्या डोंगरात गेले. पायथ्याला मोटरसायकल सापडली. सर सापडले नाहीत. पोलिसांनी शोधलं, गावानं शोधलं, मग सोयाबीनची काढणी आली आणि गाव शेताकडं वळलं. पिशोरला त्यांची आई मनकर्णाबाई दहावं-तेरावं घालू देत नव्हती, आणि इथं आम्ही कुणी त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलत नव्हतो. चांदपाशा म्हणायचा, "सरकू अद्रकवाली चाय लगती." लगती. लगती थी नव्हे.

"त्याच्या नावाचं झाड छापून आलं, की चूक काढायला तरी येईल," मॅडम एकदा हसत म्हणाल्या. आम्हीही हसलो. मग जो तो आपापल्या कामाला लागला.

यंदा ते झाड आणलं प्रणयनं. सरांनी शिकवून तयार केलेला पोरगा, आता इथंच शिकवतो. आणि माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला.

त्याचं असं झालं. हे झाड स्वतःचं अन्न करत नाही, दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावून जगतं. माझ्या माहेरी ज्वारीत टारफुला यायचा, तसंच. अशा झाडाला नाव द्यायचं तर ते कुणावर जगतं, त्याचा पोशिंदा कोण, हे सांगावं लागतं. म्हणून ते उपटायचं नाही, पोशिंद्याच्या मुळासकट खणून काढायचं. सरांनी हे सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. आणि प्रणयनं आणलेला दांडा खालून सुरीनं तिरपा कापलेला होता. तुटलेला नव्हे, कापलेला.

"खाली काय होतं रे?" मी विचारलं.

"दगड होता, काकू."

"हे दगडावर जगत नाही, प्रणय."

"मग पोशिंदा माहीत नाही, असं लिहा ना!" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. नंतर सॉरी म्हणाला. त्याचा हात खिशातल्या किल्ल्या चाचपत होता. त्याच्या टेबलाचा खालचा खण यंदा कुलपात असायचा.

मला वाटलं, याला श्रेय हवंय. मूळ दाबून ठेवलंय, उद्या स्वतःच्या नावानं वेगळा लेख काढेल. मॅडमला सांगावं का, हा विचार घेऊन मी दोन-तीनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांच्या हातातल्या बांगड्या त्या दिवसांत पार कोपराकडं सरकायला लागल्या होत्या. त्यांना आणखी काय सांगायचं?

झाड सुकत नव्हतंच. शेवटी मी ते ओलसरच टाचलं. फुलांची तोंडं डावीकडं, कारण दांडा तसा बसत होता. दुसऱ्या दिवशी ती उजवीकडं होती. दोरा जागच्या जागी, गाठ माझीच.

वय झालं आता, म्हटलं.

मग कागद उलटा फिरवून ठेवला. उजवी बाजू डावीकडं आली. जेवून आले तर फुलं पुन्हा उजवीकडं. उजवीकडं भिंत आहे. भिंतीपलीकडं मॅडमची खुर्ची.

मी चांदपाशाकडं बघितलं. तो कागद मोजत असल्यासारखं करत होता. त्याला कागद मोजायचं काहीच कारण नव्हतं.

"तुम्हीच पाणी शिंपडता का हो यावर?"

"मैं?" तो दुखावला. मग हळूच म्हणाला, "ताई, मॅडम सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पिशोरला गेल्त्या ना, तवा कागद कोरडे निघाले. पार कडक. त्या आल्या, परत वल्ले."

"आधी का नाही सांगितलं?"

"क्या बोलू? किसकू बोलू?"

तो कागदाचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात गेला. मी त्या टाचलेल्या कागदावर हात ठेवला. ओल गार असायला हवी. ही कोमट होती, तापातून उठलेल्या माणसाच्या उशीसारखी. आणि वास फुलाचा नव्हता. रोज जवळ असलेल्या माणसाच्या मानेला असतो तसा होता. मी हात लुगड्याला, म्हणजे साडीला, पुसला. घाबरले की माझ्या तोंडी आईचे शब्द येतात.

त्याच दुपारी मॅडम आत आल्या. बाहेर ऊन पडलं होतं, मैदानावर मुलं क्रिकेटवरून भांडत होती.

"ताई, लेख आज पाठवायचाय. पोशिंद्याची एक ओळ तेवढी राहिलीय. काय लिहू?"

मी प्रणयकडं बघितलं. प्रणय जमिनीकडं.

"प्रणय," मॅडम म्हणाल्या, "तू मुळाशिवाय झाड आणशील, हे इंद्रजीतला खरं वाटेल का?"

त्यानं खिशातून किल्ली काढली. खणातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तो मागं सरला.

"मला कुठला लेख नको होता, काकू," तो मलाच म्हणाला. माझ्या मनातलं त्याला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

पुडीत दांड्याचा उरलेला बुडखा होता. बुडख्याचं टोक पसरून कशाला तरी चिकटलं होतं. बोटभर लांब, मातकट. मी ते बशीतल्या पाण्यात सोडलं. माती सुटली. ब्रशनं पुसलं.

लाकूड मला ओळखता येतं. लाकडात रेषा असतात, मुळाला साल असते.

हे पांढरं होतं. आत बारीक जाळी, हाडात असते तशी.

आणि झाडाचे तंतू त्या जाळीत पार आतपर्यंत गेले होते.

मी भिंगावरून डोळा काढला. प्रणयनं बघितलं नाही, त्याला बघायची गरज नव्हती. चांदपाशा दारातून आला, बशीत वाकून बघितलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं.



"सरका," मॅडम म्हणाल्या.

त्या भिंगाशी बसल्या. खूप वेळ बसल्या. मैदानावरचं भांडण मिटलं, खेळ पुन्हा सुरू झाला.

बसताना त्यांचा डावा हात टेबलावर टेकला होता. मी टाचलेल्या कागदावरच. माझ्या ते उशिरा ध्यानात आलं.

"मॅडम, हात," मी म्हटलं.

त्यांनी हात उचलला. लगेच उचलला गेला नाही. दोरा ताणला, दांडा कागदावरून वर आला, आणि मग सुटला. त्यांच्या मनगटाच्या आतल्या अंगाला ओली गोल वर्तुळं उमटली होती, जिथं नाडी बघतात तिथं. जितकी फुलं तितकी.

त्यांनी ती पुसली नाहीत. माझ्याकडं बघितलं, प्रणयकडं बघितलं.

"पोलिसांना फोन कर, जागा दाखव त्यांना," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवतानाचा, सरळ. "आणि ताई, ती ओळ लिहा. हे त्याच्यावर वाढलंय. इंद्रजीत मेलाय."