या वेळी हॉर्न नको

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर रात्री एकट्याने बाथरूमला जायची पंचाईत होईल. मला हे खुद्द मामांनी सांगितलं. पोलिसांच्या गाडीवर ड्रायव्हर होते, सगळं ठाणं त्यांना मामाच म्हणायचं. थापा मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसरा चहा मागायलाही लाजणारा माणूस.

गेल्या जानेवारीतली गोष्ट, मंगळवारची रात्र. मामा गाडीत डिझेल भरून परतत होते. सोबतचा हवालदार तापाने आडवा, म्हणून एकटेच. दीडच्या सुमारास वायरलेसवर कंट्रोलमधली मुलगी बोलली. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचं घर, बाई मदत मागतेय.

मामांना ते घर माहीत होतं. घरातल्या मारहाणीचा फोन आला की त्या ठाण्याची एक रीत होती. गल्लीत गाडी शिरत नाही, तेव्हा तोंडाशी थांबून हॉर्न द्यायचा. कोणी बाहेर आलं नाही, तर ‘सगळं शांत आहे’ असं कळवून परत फिरायचं. नवरा-बायकोच्या भांडणात कशाला पडा! वर्षापूर्वी त्याच घरातून फोन आला होता. मामांनी असाच हॉर्न दिला, परत फिरले, आणि सकाळी त्या बाईला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. नवरा तुरुंगात गेला, घराला सील लागलं. मामांना मात्र कोणी जाब विचारला नाही. तेच त्यांना जास्त खात होतं.

"अगं, त्या घरात आता कोणी राहत नाही," मामा म्हणाले.

मुलगी म्हणाली, "मामा, बाई अजून लाइनवर आहे. म्हणतेय... या वेळी हॉर्न वाजवू नका. आत या."

मामांनी गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली. बॅटरी घेतली. गल्लीत काळोख. कुत्रंसुद्धा नाही. सरकार सरकार म्हणतो ना आपण? त्या रात्री तिथे सरकार म्हणजे एकटे मामा होते, हातात फक्त बॅटरी.

शेवटचं घर. कुलूप तसंच. सील तसंच. आतून आवाज नाही...

मग शेजारच्या घरात काहीतरी आपटलं. लहान मूल रडायला लागलं. आणि एकदम गप्प झालं...

मामांनी ते दार ठोठावलं. नवऱ्याने फटीतून पाहिलं. घरातली बाब आहे, निघा म्हणाला. वर्षापूर्वी मामा निघाले असते. त्या रात्री त्यांनी दाराला खांदा लावला. मोरीत एक बाई पडली होती, कपाळ फुटलेलं, पोटाशी लहानगी मुलगी. दोघी जिवंत होत्या. मामांनी नवऱ्याला खिडकीच्या गजाला बेडीने अडकवलं, पोरीला उचललं आणि तिच्यापेक्षा मोठ्याने रडले.

अँब्युलन्सची वाट बघताना त्यांनी विचारलं, "फोन तुम्हीच केलात ना, ताई?"

बाईने नाही म्हणून मान हलवली. तिचा फोन नवऱ्याने महिन्यापूर्वीच फोडला होता.

सकाळी साहेबांनी सील काढून ते बंद घर उघडलं. मामा सोबत होते. वीज तोडलेली. जमिनीवर वर्षाची धूळ, पाऊल एकही नाही. भिंतींना जाळी. फक्त शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर, खाली बसलं की डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, एक डाग होता. रोज एकाच जागी डोकं टेकून बसलं की भिंतीला केसांचं तेल लागतं ना, तसा.

मामांनी बोट लावलं.

तेल ओलं होतं.