मुंग्या लागलेली चहापत्ती

"आजपासून चोथा भेटनार नाही. गाईले घालतो मी," हिरालाल म्हणाला आणि त्यानं तुळसाची बादली पायानं बाजूला सारली.

जऊळका स्टेशनावरच्या त्याच्या दुकानातला चहाचा चोथा तुळसा आणि तिचा मित्र खेमा दिवाळीची सुटी लागल्यापासून रोज नेत होते; गेले काही दिवस मात्र तो अर्धाच देत होता. तुळसाच्या घरामागच्या कोपऱ्यात नुसता मुरूम होता. तिथं खड्डा खणून त्यांनी चोथा, पालापाचोळा आणि शेण यांचे थर दिले होते. सुटीत खड्डा भरला, तर तो कोपरा तुळसाच्या वांग्यांना मिळणार होता. नाही भरला, तर आई तिथं बकऱ्या बांधणार होती.

"त्याच्याकडं गाय कुठी हाय?" खेमानं विचारलं.

"गाईचं शेपूटबी नाही. चाल, मालधक्क्यामागं पाहू. सकाळी तिकडंच चोथा नेत होता तो."

मालधक्क्यामागं पोत्यांवर चोथा वाळत पडला होता.

"हा वाळवून काहून राह्यला?" खेमा पुटपुटला.

घरी तुळसाची आई, गोजराबाई, चहाच्या पुडीवर फुंकर मारत होती. "कालच आनली हिरालालच्या दुकानातून. पाय, मुंग्याच मुंग्या."

तुळसा थबकली. हिरालाल पत्ती, साखर, दूध एकाच पातेल्यात उकळायचा. चोथ्याला मुंग्या लागत, म्हणून खड्ड्यात टाकण्याआधी ती तो दोन पाण्यांनी धुऊन घ्यायची. पण कोऱ्या पत्तीत साखर कुठली? तिनं चिमूटभर पत्ती जिभेवर ठेवली. गोड लागली. तिनं ती थुंकून टाकली.

"लोकाईनं पिऊन झालेला चहा हा आपल्याले इकून राह्यला. आन् माह्या मातीचं खानंबी पळवलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी यायच्या वेळी फलाट माणसांनी भरला होता. खेमा भोळा चेहरा करून हिरालालसमोर उभा राहिला. "काका, तुमी चहा करता त्या डब्यातली चिमूटभर पत्ती द्या. मायले वास दाखवतो, मंग पुडी नेतो."

हिरालालनं खुशीत दिली. तुळसानं ती दुकानासमोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांच्या रांगेत ठेवली, शेजारी आईच्या पुडीतली पत्ती ठेवली आणि थोड्या वेळानं स्टेशनमास्तरांना बोलावून आणलं. पुडीतली पत्ती मुंग्यांनी झाकून गेली होती. डब्यातल्या पत्तीला त्या वळसा घालत होत्या.

"मुंग्या काय, कुठीबी येतात," हिरालाल हसला.

"मंग तुमच्या डब्यातल्या पत्तीवर काहून नाही आल्या?" तुळसा म्हणाली. "पुडीतल्या पत्तीले साखर कुठून लागली?"

हमाल रामसिंगचा कप ओठांशीच थांबला. "घरी बाळंतीन हाय माह्या. तिले ह्याच पुडीतला चहा पाजला काय मी?"

"अरे, खेड्यातल्या मानसाले रंग आला म्हंजे झालं—" हिरालाल बोलून गेला आणि घाईघाईनं पुड्या फडक्याखाली झाकू लागला.

"सगळ्या पुड्या बाहेर काढ," मास्तर थंडपणे म्हणाले. "आणि उद्यापासून या स्टेशनावर तुझी चूल पेटणार नाही." मग ते तुळसाकडं वळले. "पोरी, मुंग्या सगळ्यांनाच दिसल्या असतील. विचार तू केलास."

"पुड्या फेकू नका, साहेब," तुळसा म्हणाली. "आमच्या खड्ड्यात ओतू द्या. त्याईनं स्वतः."

हिरालाल पुड्यांचं पोतं पाठीवर घेऊन गावातून निघाला. रामसिंग मागोमाग चालत होता, त्यामुळं त्याला कुठं पळताही येईना.

गोजराबाईनं सगळं ऐकलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बकऱ्या चिंचेखाली बांधू. कोपरा तुहा."

हिरालालनं पोतं खड्ड्यावर तिरपं केलं. तुळसानं त्याचा हात धरला.

"असं नाही, काका. आधी दोन पान्यानं धुवा. मुंग्या लागतात."