ओळख पटल्याशिवाय

अनोळखी माणसाचा लॅपटॉप फाटकन बंद करणं मला शोभत नव्हतं, कबूल. पण बसच्या प्रतीक्षालयात शेजारी बसून तो फुकटच्या वायफायवर फायली उघडत होता, आणि फायलींवर चिन्ह आमच्याच कंपनीचं!

"अहो, बोटं चिरडली असती माझी—"

"बोटं बरी होतात. चोरीला गेलेल्या फायली परत येत नाहीत."

"आपण कोण?"

"तुमच्याच कंपनीच्या संगणक सुरक्षा विभागातली."

तो इतका मोकळा हसला, की माझा राग कुठल्या कुठे पळाला.

गावोगावी छपाईयंत्रं बसवायचं त्याचं काम. आज या हॉटेलात, उद्या त्या. मी त्याला काड्यापेटीएवढी एक डबी दिली. हॉटेलचं वायफाय आधी डबीत येणार, डबीतून वायरीने लॅपटॉपमध्ये. कुणी आगंतुक घुसू लागला तर डबी त्याला दारातच अडवणार. सोपं काम. तरी रोज संध्याकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजायचाच.

"डबीवरचा दिवा लाल झालाय."

"वायर नीट बसव."

"बसवली... खिडकीतून नदी काय सुंदर दिसतेय, सांगू?"

"दिव्याचं बोल!"

"तो केव्हाच हिरवा झाला."

अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. मीही धडे द्यायची संधी सोडत नसे. "अनोळखी नंबर उचलायचा नाही. कुणी माझं नाव सांगितलं, तरी आधी ओळख पटवून घ्यायची."

"जशी आज्ञा!"

मग आपोआप जोडल्या जाणाऱ्या नव्या डब्या आल्या. त्याला जुनीच ठेवू द्यावी, असा मोह झाला; पण जुनीत धोका होता. नवी हातात देत मी कोरडेपणानं म्हणाले, "आता फोन करायची गरज नाही."

आणि त्याने खरंच केला नाही! काहीतरी निमित्त काढेल, असं वाटलं होतं. ऑफिसचा फोन मुका झाला, आणि मला करमेना.

"ताटाकडे नुसतं बघून पोट भरतं का गं?" घरी जेवताना वहिनीने विचारलं. मी तिच्यावरच उखडले. खोलीत जाऊन माझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. हा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मेसेज पाठवला, "अरे, मी आहे. सुरक्षावाली."

उत्तर आलं, "ओळख पटवा. फक्त तिलाच माहीत असेल असं काहीतरी सांगा."

माझाच धडा माझ्याच गळ्यात! डबीचा नंबर, ऑफिसातल्या गोष्टी... त्या तर कुणीही सांगेल. फक्त मलाच माहीत असलेली गोष्ट एकच होती. तीच लिहिली—

"फोन वाजला की तूच असशील असं वाटतं. तू मला आवडतोस. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही."

पाठवलं, आणि उशीत तोंड खुपसलं. मोबाइल लगेच वाजला.

"पटली ओळख?" मी कसंबसं विचारलं.

"ती 'अरे'वरच पटली होती."

"मग छळलंस कशाला?"

"गरज नाही म्हणालीस ना... वाटलं, कटकट टळली म्हणून खूश असशील. तुझ्या तोंडून खरं काय ते ऐकायचं होतं. आता माझं गुपित ऐक. पण ते गुपित राहिलेलं नाही. डबी बदलायच्या आधीच आईला सांगून बसलोय."

"काय सांगितलंस?"

"की तू मला नाही म्हणणार नाहीस."

"आगाऊ!" मी म्हणाले. नाही मात्र म्हणाले नाही.